"इरप्शन" म्हणजे नक्की काय? बाबांच्या चिठ्ठीवरच्या शब्दाने घाबरवलं

येळ्ळूरची_लेक · सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. लांबलंय, पण मला थोडक्यात सांगायला जमत नाही, सांभाळून घ्या. आम्ही बेळगावकडचे. आमचे बाबा ६३ वर्षांचे, शेतातच असतात दिवसभर. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या डाव्या मनगटावर, घड्याळाचा पट्टा बसतो तिथंच, रुपयाच्या नाण्याएवढा गोल लालसर चट्टा आला, मग तो जांभळट झाला, मधोमध पाणी धरल्यासारखा फुगला, आणि आठ-दहा दिवसांत खाली बसला पण डाग काळा राहिला. आम्हाला वाटलं शेतात काहीतरी चावलं असेल. मग दिवाळीनंतर परत, त्याच जागी, रेघभर इकडे नाही की तिकडे नाही, आणि ह्या वेळी खालच्या ओठाच्या कोपऱ्यालापण एक. तेव्हा दवाखान्यात नेलं, नाव लिहीत नाही. तिथं मलम दिलं, चिठ्ठीवर इंग्रजीत "फिक्स्ड ड्रग इरप्शन" लिहिलं आणि पुढचा पेशंट आत घेतला. काय झालंय, कशाने झालंय, काय टाळायचं, एक अक्षर कोणी बोललं नाही.

परवा मी ती चिठ्ठी काढून मोबाईलवर भाषांतर केलं तर आलं "स्थिर औषध उद्रेक". बाबांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, उद्रेक म्हणजे साथ की गं, पेपरात येतंय की डेंगीचा उद्रेक म्हणून. आणि तेव्हापासून दोन दिवस त्यांनी नातवाला जवळ घेतलं नाही. सात महिन्यांचं पोर, आजोबा दिसले की हात पसरतंय, आणि हे लांबूनच "नको बाळा" म्हणायलेत. मला ते बघवलं नाही.

आणि गेल्या शनिवारी परत तेच. रात्री जुलाब लागले, कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून दोन गोळ्या आणल्या, सकाळी मनगट लाल. आता मला कळलंय की गोळीचाच संबंध आहे. पण हा शब्द नक्की काय आहे? ज्वालामुखीला पण तोच, दात येण्याला पण तोच असं डिक्शनरीत दिसतंय. बाबांना समजेल असं मराठीत काय म्हणायचं, आणि मेडिकलवाल्याला कन्नडात काय सांगायचं?


कडोलीकर · सोमवार, रात्री १०.०५

ताई आधी बाबांना सांगा, हे लागण होणारं नाही. नातवाला घेऊ दे मांडीवर. बाकीचं उद्या बोलू.


त्वचेचा_डॉक्टर · सोमवार, रात्री ११.२०

कडोलीकरांनी पहिलं महत्त्वाचं सांगून टाकलं. हे एकाचं दुसऱ्याला होत नाही, अजिबात नाही.

आता शब्द. आमच्या विषयात इरप्शन म्हणजे कातडीवर अचानक काहीतरी उठणं, बस्. पुरळ, चट्टे, फोड, गांध्या, सगळं त्यात आलं. "ड्रग इरप्शन" म्हणजे औषधाने अंगावर उठलेलं. "फिक्स्ड" म्हणजे जागा ठरलेली. पहिल्यांदा ते औषध घेतलं तेव्हा त्या जागी शरीराच्या राखणदार पेशी जमल्या, त्यातल्या काही परत गेल्याच नाहीत, कातडीच्या वरच्या थरात तिथंच मुक्कामाला राहिल्या. त्यांना त्या औषधाची ओळख पाठ असते. तेच औषध परत पोटात गेलं की साधारण अर्ध्या तासापासून आठ-दहा तासांत त्या जाग्या होतात आणि त्याच जागी तोच चट्टा उठतो. म्हणून रेघभर इकडे-तिकडे होत नाही, तुम्ही जे बघितलंय ते अगदी बरोबर बघितलंय. कातडीचा रंग त्यात खालच्या थरात उतरतो म्हणून डाग महिनोन्‌महिने राहतो. प्रत्येक खेपेला नवीन एखादी जागा वाढू पण शकते, ओठ हे त्याचं नेहमीचं ठिकाण.

जुलाबाच्या गोळ्यांबद्दल तुम्ही लिहिलंय ते वाचून मला आश्चर्य वाटलं नाही. टिनिडाझोल, मेट्रोनिडाझोल, नॉरफ्लॉक्सासिन, ऑर्निडाझोल, आणि ह्यांच्या दोन-दोन औषधं एकत्र असलेल्या गोळ्या, ह्यांनी असं होतं. को-ट्रायमॉक्साझोल, डॉक्सीसायक्लिन, काही दुखण्याच्या गोळ्या, ह्यांनीपण. तुम्ही रिकामी स्ट्रिप टाकली नसेल तर जपून ठेवा, त्याच्या मागचं नाव आमच्यासाठी सोन्यासारखं आहे. ब्रँडचं नाव नाही, त्याखाली बारीक अक्षरात औषधाचं नाव असतं ते.

आणि हे मी मुद्दाम वेगळं लिहितोय. औषधाने सगळ्या अंगभर गोवरासारखं उठणं हा दुसरा प्रकार, तो नवीन औषध सुरू केल्यापासून साधारण एक-दोन आठवड्यांत दिसतो. पण अंगावर उठलंय त्यासोबत ताप, तोंडात जखमा, डोळे लाल होऊन चिकटायला लागलेत, कातडी दुखतेय किंवा सोलून निघतेय, असं काही दिसलं तर त्याच तासाला मोठ्या हॉस्पिटलला जायचं. सकाळची वाट बघायची नाही.


येळ्ळूरची_लेक · मंगळवार, सकाळी ७.१५

डॉक्टर, स्ट्रिप मिळाली, कचऱ्याच्या डब्यातून काढली. दोन औषधं आहेत, नॉरफ्लॉक्सासिन आणि टिनिडाझोल. तुम्ही काल रात्री लिहिलंय तेच. मी सकाळी बाबांना वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, उठून आत गेले आणि पोराला घेऊन अंगणात गेले.


शब्दवेडा_शहापूर · मंगळवार, दुपारी १२.३०

मी भाषेचा माणूस, औषधातलं मला कळत नाही, पण हा शब्द माझ्या वाटणीचा आहे म्हणून लिहितो.

इरप्शन लॅटिनमधून आलाय. "रुम्पेरे" म्हणजे फोडणं, तोडणं, आणि त्याच्या आधी "बाहेर" अर्थाचा उपसर्ग. म्हणजे फोडून बाहेर येणं. इंग्रजी माणूस ज्वालामुखीला, दाताला आणि पुरळाला एकच शब्द वापरतो कारण त्याला तिन्हीकडे आतलं बाहेर फुटून आलेलं दिसतं.

आता आपला "उद्रेक" बघा. आपण गृहीत धरतो की तोही फुटण्याचाच शब्द आहे. नाही हो. उद् आणि रिच्. त्याच धातूतून रिक्त, रेचक, अतिरेक आलेत. उद्रेक म्हणजे वाढ होऊन वर येणं, भरून वाहणं, आधिक्य. वैद्य "पित्तोद्रेक" म्हणायचे तेव्हा पित्त फुटलं असं त्यांना म्हणायचं नव्हतं, पित्त प्रमाणाबाहेर वाढलं असं म्हणायचं होतं. पुढं ज्वालामुखीला आणि साथीला तो शब्द लागला आणि आता पेपर वाचणाऱ्या माणसाच्या डोक्यात साथच पक्की बसलीय. येळ्ळूरच्या बाबांचं काही चुकलं नाही, त्यांनी शब्द बरोबर वाचला, तो शब्दच तिथं चुकीचा होता.

उलट "विस्फोट" बघा. आज आपण तो बाँबला वापरतो, पण आयुर्वेदाच्या ग्रंथांत विस्फोट म्हणजे अंगावर येणारे फोड. आपला रोजचा "फोड" त्या "स्फोट"मधूनच आलेला. आणि देवीच्या रोगाला मसूरिका म्हणायचे, मसुरीच्या डाळीएवढे दाणे म्हणून. किती बारकाईने बघितलंय!

बोलीत तर आपल्याकडे ह्याहून सुंदर सोय आहे. अंगावर "उठतं". दात "येतात". देवी "येतात", गोवर "येतो". आणि फुटायचं ते वेगळंच, पालवी फुटते, पान्हा फुटतो, कंठ फुटतो, घाम फुटतो, तांबडं फुटतं. तेव्हा माझं उत्तर सोपं आहे. चिठ्ठीवर "गोळीने अंगावर उठलेलं" एवढं लिहिलं असतं तर नातू दोन दिवस मांडीविना राहिला नसता.


दातांची_डॉक्टर · मंगळवार, दुपारी ३.१०

शब्दवेडा सर, "दात येतात" हे तुम्ही सहज लिहून गेलात पण शास्त्राच्या दृष्टीनेपण तेच जास्त खरं आहे! लोकांना वाटतं दात खालून ढकलत हिरडी फाडून वर येतो. तसं होत नाही. दाताभोवती एक पातळ पिशवी असते, फॉलिकल म्हणतात तिला, ती वरच्या हाडातल्या पेशींना निरोप पाठवते, मग त्या पेशी हाड विरघळवून वाट करतात आणि खालच्या बाजूला नवीन हाड भरत जातं. १९८४ साली कुत्र्यांवर केलेला एक प्रयोग आम्हाला शिकवतात, त्यात दात काढून त्या पिशवीत धातूचा खोटा दात ठेवला, तर तो धातूपण आपोआप वर आला. म्हणजे जोर दाताचा नव्हताच, वाट करून देणारी ती पिशवी. मला विद्यार्थीदशेत हे वाचून रात्रभर झोप आली नव्हती.

येळ्ळूरच्या ताई, तुमचं बाळ सात महिन्यांचं म्हणताय म्हणून सांगते. खालचे पुढचे दोन दात साधारण सहा ते दहा महिन्यांत येतात. लाळ गळेल, हाताला येईल ते चावेल, जरा किरकिर करेल. पण दात येतोय म्हणून १०२ ताप आणि जुलाब हे खरं नाही. आमच्याकडे खेड्यातून आया बाळाला तीन-तीन दिवस तापात घरी ठेवून आणतात, का तर "दाताचा ताप हाय". ताप आला तर ताप म्हणूनच दाखवा. आणि सहाव्या वर्षी शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागं एक दाढ गुपचूप येते, कुठलाही दात न पडता येते म्हणून घरच्यांना ती दुधाचीच वाटते. ती कायमची असते. तिला कीड लागली की परत येणारी दुसरी नाही, कृपा करून लक्ष ठेवा.


हुक्केरी_शेतकरी · मंगळवार, संध्याकाळी ६.४५

दाताचा विषय निघालाय तर आमचं पण ऐका की. आमच्यात बैलाचं वय दातावरच चालतंय, कागद कोण बघतंय. दुधाचेच दात असतील तर आदत, दोन कायमचे आले की दुसा, चार आले की चौसा, मग सहा दाती, आणि आठही आले की जुळला. शर्यतीच्या पट्टीत पण ह्याच नावाने गट पाडतात. बाजारात व्यापारी डाव्या हाताने शिंग धरतो आणि उजव्या हाताचा अंगठा बैलाच्या गालफडात घालून खालचा ओठ खाली ओढतो, दोन सेकंदात बघून सोडतो. वरच्या बाजूला पुढचे दात नसतातच बैलाला, कडक हिरडीच असती, पोरांना दाखवलं की त्यांना खरं वाटत नाही. पहिली जोडी साधारण दोन वर्षांनी, आपल्या गावठी जनावराला थोडी उशिरा. आमचा आजा म्हणायचा "दात टाकला", म्हणजे दुधाचा पडून कायमचा आला. फुटला असं आमच्यात कोणी म्हणत नाही, फुटला म्हटलं तर गिऱ्हाईक पळून जाईल, दात तुटलाय समजून.


चिकोडी_भूगोल · मंगळवार, रात्री ९.००

मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, "ज्वालामुखीचा उद्रेक" हा शब्द हजार वेळा फळ्यावर लिहिला असेन. शब्दवेडा सरांची फोड वाचून (बघा, इथंपण फोड!) माझ्या डोक्यात एक गोष्ट लख्ख झाली, ती सांगतो.

आपण ज्या जमिनीवर उभे आहोत ती स्वतःच उद्रेक आहे. निपाणी-चिकोडीकडची काळी माती, सह्याद्रीचा काळा पत्थर, सगळा दख्खनचा लाव्हा. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून तो वर आला, थरावर थर, आजही साधारण ५ लाख चौरस किलोमीटर जागा त्याने व्यापलीय. आपला बेळगाव भाग म्हणजे त्याची दक्षिणेकडची कड. इथून थोडं पुढं गोकाकला जा, घटप्रभा जिथून उडी घेते तो कडा लाव्ह्याचा नाही, तो वाळूच्या दगडाचा, लाव्ह्यापेक्षा कितीतरी जुना. एका दिवसात बसने जाऊन दोन्ही बघून येता येतं.

आता मुद्दा. पोरांना ज्वालामुखी म्हटलं की टोक असलेला डोंगर, धडाम आवाज आणि वर राखेचा ढग दिसतो. तसे आहेतच, १८८३ चा क्राकातोआ, १९९१ चा पिनाटुबो. तिथं मॅग्मा, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला दगड, चिकट, त्यात विरघळलेली वाफ आणि वायू अडकून राहतात, वरचा दाब कमी झाला की सोड्याची बाटली उघडल्यासारखे एकदम सुटतात आणि दगडाचा भुगा होतो. पिनाटुबोने इतका गंधकाचा वायू वर फेकला की पुढच्या वर्षी सगळ्या पृथ्वीचं तापमान साधारण अर्धा अंश उतरलं. पण दख्खनमध्ये बहुतेक असं झालं नाही. इथला लाव्हा पातळ, तो भरून वर आला आणि उतू जाऊन पसरला. म्हणजे स्फोट नव्हे, अगदी संस्कृतातल्या अर्थाने उद्रेक! तीस वर्षं मी बरोबर शब्द शिकवत होतो आणि तो का बरोबर आहे ते मला आज कळतंय.

विहीर खणताना निघालेला काळा दगड हातात घ्या, त्यात बारीक-बारीक भोकं दिसतील, काहींत पांढरे खडे भरलेले. ती भोकं म्हणजे लाव्हा थंड होताना आत अडकलेल्या वायूचे बुडबुडे. आणि घाटात रस्ता कापलाय तिथं दोन काळ्या थरांच्या मध्ये वीटकरी लाल पट्टी दिसते कधीकधी. एक थर येऊन गेल्यावर मध्ये बराच काळ शांत गेला, वरचा दगड ऊन-पावसाने कुजून माती झाली, मग पुढच्या लाव्ह्याने ती भाजली. आणि खानापूर-बेळगावची ती लाल माती, घराला वापरतो तो जांभा, तोही बराचसा ह्याच काळ्या दगडाचा पावसाने धुऊन-धुऊन उरलेला लोखंडी गाळ. बॉक्साइटचीपण, ज्यातून ॲल्युमिनियम काढतात त्याची, तीच गोष्ट.


इंजिनिअरिंग_चौथं_सेम · मंगळवार, रात्री ९.५०

सर सूर्याचं राहिलं. सूर्यावरून जे प्लाझ्माचे, म्हणजे तापलेल्या विद्युतभारित वायूचे, ढग सुटतात त्यालापण इंग्रजीत इरप्शनच म्हणतात. आपलं आदित्य एल-१ यान त्यासाठीच आहे, २ सप्टेंबर २०२३ ला सोडलं, पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर बसून सूर्याकडे बघतंय. मे २०२४ मध्ये मोठं सौर वादळ आलेलं तेव्हा लडाखमध्ये हानलेहून आकाश लाल दिसलं होतं. तिथं खरंच तुटतं, चुंबकीय रेषा ताणून-ताणून तुटतात आणि परत जोडल्या जातात, त्यातून ती ताकद सुटते. म्हणजे लॅटिनवाला अर्थ तिथं लागू पडतोय.


अनगोळची_आई · बुधवार, सकाळी १०.२०

मध्येच विचारते, माफ करा. माझ्या दीड वर्षाच्या मुलीला काल रात्रीपासून मानेवर आणि पाठीवर बारीक लाल पुरळ आलंय. ताप नाही, खेळतेय. सासूबाई म्हणतात गोवर आहे, आंघोळ घालू नको, गोवर बाहेर पडू दे, दाबला तर आत जातो. मला काहीच कळेना झालंय.


खानापूर_सिस्टर · बुधवार, सकाळी ११.०५

वैनी, घाबरू नका पण लेकीला दाखवून घ्या, फोटोविना आणि हात न लावता मी काही ठरवून सांगणार नाही. गोवर कसा येतो तेवढं सांगते. आधी तीन-चार दिवस चढता ताप, नाक गळतं, खोकला, डोळे लाल, पोर एकदम मलूल. गालाच्या आत मीठ सांडल्यासारखे पांढरे ठिपके दिसतात. मग पुरळ कानामागून, केसांच्या कडेने सुरू होतं आणि चेहऱ्यावरून खाली उतरत पायापर्यंत जातं. नुसतं मान-पाठ, ताप नाही, पोर खेळतंय, उन्हाळा आहे, तर घामोळंच जास्त असतं. कांजिण्यांत पाण्याचे फोड येतात, आणि एकाच वेळी काही नवे, काही सुकलेले असे दिसतात.

"बाहेर पडू दे, दाबला तर आत जातो" हे मी रोज ऐकते. पुरळ हे आतली घाण बाहेर पडणं नव्हे हो. गोवरात ते आपल्या अंगाची विषाणूशी चाललेली झटापट असते, कातडीपर्यंत आलेली. आंघोळ घातली, ताप उतरवला म्हणून काही आत जात नाही. कोमट पाण्याने आंघोळ घाला, सैल सुती कपडे घाला, पाणी-दूध भरपूर. गोवर असलाच तर पुरळ यायच्या आधी चार दिवस आणि नंतर चार दिवस दुसऱ्या पोरांना लागतो, म्हणून लांब ठेवायचं, आणि व्हिटॅमिन ए चा डोस मिळतो तो चुकवायचा नाही. एमआरचा, म्हणजे गोवर-रुबेलाच्या लसीचा, पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. कार्ड बघा, दुसरा राहिला असेल तर ह्याच महिन्यात घ्या.

आणि सासूबाईंना रागावू नका. त्यांच्या लहानपणी देवीने माणसं गेलीत. आपल्या देशातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ चा, १९८० मध्ये जगातून गेली म्हणून जाहीर झालं. त्या भीतीतून आलेलं बोलणं आहे ते.


अनगोळची_आई · बुधवार, संध्याकाळी ७.३०

दाखवून आणलं. घामोळंच आहे. सासूबाईंनी स्वतः आंघोळ घातली. दुसरा डोस राहिलेला, परवाला जायचंय.


टिळकवाडी_दोन_भाषा · बुधवार, रात्री ८.१५

येळ्ळूरच्या ताईंचा कन्नडचा प्रश्न राहूनच गेला. आमच्या घरात आई मराठी, वडील कन्नड, तर मी सांगतो. कन्नडातपण हे "उठतं"च, फोडाला गुळ्ळी म्हणतात आणि त्या "एळताव", म्हणजे उठतात. तेव्हा सरळ म्हणा, "ई गुळिगी ब्याड, मैम्याल गुळ्ळी एळताव". ही गोळी नको, अंगावर फोड उठतात. आपल्याकडचा कुठलाही मेडिकलवाला समजेल. गोवराला दडार म्हणतात, ते मात्र चुकूनपण म्हणू नका.


त्वचेचा_डॉक्टर · बुधवार, रात्री १०.४०

ह्या वाक्याच्या खाली औषधांची दोन्ही नावं इंग्रजी अक्षरातपण लिहा, कारण मेडिकलवाला स्ट्रिपशी तीच ताडून बघणार. ताई, एक कागद करा, पाकिटात राहील एवढा. त्या कुळातली बाकीची औषधं कुठली टाळायची ते एकदा प्रत्यक्ष दाखवून ठरवून घ्या, आणि घरी परत ती गोळी घेऊन खात्री करायला जाऊ नका. औषधाने झालेल्या त्रासाची नोंदपण करता येते, फोन १८००-१८०-३०२४, केंद्राची सोय आहे, पेशंट स्वतः सांगू शकतो. डाग लगेच जाणार नाही हेपण बाबांना सांगून ठेवा, नाहीतर ते मलमावर मलम लावत बसतील.


येळ्ळूरची_लेक · रविवार, दुपारी १.००

कागद केला. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड, खाली औषधांची नावं, आणि वरून पारदर्शक चिकटपट्टी मारली म्हणजे घामाने भिजणार नाही. बाबांनी शर्टाच्या खिशात, शेतकरी पासबुक ठेवतात त्या प्लास्टिकच्या पिशवीत घातलाय. काल पोट बिघडलं तेव्हा स्वतःच मेडिकलला गेले, मी सोबत होते पण बोलले नाही. त्यांनी कागद काउंटरवर ठेवला. त्या पोराने कन्नडची बाजू वाचली, हातातली स्ट्रिप उलटी करून नाव बघितलं, परत खोक्यात टाकली आणि ओआरएसची दोन पाकिटं दिली.

मनगटावरचा डाग अजून तसाच काळा आहे. चिकोडीच्या सरांसाठी, आमच्या विहिरीवरचा भोकांचा दगड मी धुऊन ठेवलाय, त्यात पांढरे खडे आहेत. आणि बाळाला खाली एक दात दिसायलाय, बाबांनीच आधी बघितला, बोटाला लागला म्हणे.